नव्वदवर बसवलेला काटा

बाईंचं वजन नव्वद किलो आहे, हे आमच्या रस्त्यावरच्या एकूण एक ड्रायव्हरला माहीत होतं. बायका वय लपवतात, वजन लपवतात, असं म्हणतात. बाईंना तशी सोयच नव्हती. त्या रोज सकाळी सात वाजता स्वतःचं वजन लाल दिव्यांच्या वीतभर उंच आकड्यांत जाहीर करत.

त्याचं असं होतं. मी नोकरीला होतो तो वजनकाटा ट्रक तोलण्याचा. जमिनीत खड्डा, त्यावर लोखंडी पाट, पाटाखाली यंत्र आणि बाजूला पत्र्याची केबिन. गाडी रिकामी तोलायची, भरून आली की पुन्हा तोलायची, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. समोरचा भंगारवाला, पलीकडचा वाळूवाला, सगळे त्या पावतीवर विश्वास ठेवून व्यवहार करत. त्यामुळे काटा खरा आहे की नाही, हे रोज तपासावं लागे. खरी रीत अशी, की वीस-वीस किलोची लोखंडी वजनं पाटावर मांडायची आणि आकडा जुळतो का ते बघायचं. अशी दहा वजनं आमच्याकडे होतीही. पण मालकांनी ती पाण्याच्या पिंपाखाली रचली होती, नळाखाली बादली बसावी म्हणून. रोज पिंप कोण उतरवणार? मग सकाळच्या पाळीला पावत्या फाडणाऱ्या बाईच पाटावर जाऊन उभ्या राहत. नव्वद आले की काटा खरा. कमी-जास्त आले की पाटाच्या फटीत खडा अडकला असं समजायचं. आमचा काटा दहाच्या पटीत बोले, त्यामुळे दोन-तीन किलो इकडेतिकडे झाले तरी बाई नव्वदच. नऊ वर्षं नव्वद.

"काय ताई, काटा काय म्हणतो आज?" एखादा ड्रायव्हर विचारी.

"काटा खरा आहे. खोटा तू आहेस. भरलेल्या गाडीत बसून राहतोस आणि रिकामी तोलताना विडी ओढायला उतरतोस. तुझे सत्तर किलो भंगाराच्या भावानं विकतोस का रे? उतर खाली."

तो हसत उतरे. बाईंच्या खिडकीतून कुणाची लबाडी सुटली नाही. मागचं चाक पाटाबाहेर चार बोटं राहिलं तरी त्या बसल्या जागेवरून ओरडत. मी त्यांच्यानंतर पाच वर्षांनी लागलो. माझी पाळी दुपारी दोनपासून. हे सगळं मला त्यांनीच शिकवलं, आणि मी शिकायला जरा मठ्ठच होतो.

माझं वजनही सांगून टाकतो. तेव्हा मी सत्त्याण्णव किलो होतो. केबिनमध्ये माझ्या आधी माझं पोट शिरे. त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नाही. उलट मालक म्हणत, "माणूस कसा भारदस्त पाहिजे. ड्रायव्हर वचकून राहतात." माझ्याइतकं भित्रं माणूस त्या रस्त्यावर दुसरं नव्हतं, पण पोटाची पुण्याई.

एका पगाराच्या दिवशी मालकांकडून चुकून पाकिटांची अदलाबदल झाली. बाईंनी हातातलं पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"अहो भाऊ, मालकांना ऊन लागलं की काय? तीन हजार जास्त आहेत."

मग त्यांनी पाकीट उलटं केलं. मागे माझं नाव होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी पायातल्या चपलेकडे. मला ते माहीत होतं. चार वर्षं माहीत होतं. मी मूग गिळून बसलो होतो, आणि ते मूग मला चांगले मानवलेही होते.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "तुमचा काय दोष? देणाऱ्याला विचारते."

विचारलं ते तिथंच, पाटाशेजारी. पाण्याचा टँकरवाला पावतीसाठी उभा होता, भंगारवाल्याचा मुकादम उभा होता. मालकांना हा विषय आत घ्यायचा होता, पण बाई आत जाईनात.

"अहो, तुम्ही दर्शनी खिडकीत बसता," मालक म्हणाले. "गिऱ्हाईक पहिल्यांदा तुम्हाला बघतं. जरा सडपातळ, टापटीप माणूस असलं की बरं वाटतं. म्हणून तुमचा पगार जरा... बेतानं ठेवलाय."

"ट्रकवाले माझं रूप बघायला येतात होय? त्यांनी स्वतःचं तोंड कधी आरशात बघितलं नाही."

टँकरवाल्यानं नकळत गालावरून हात फिरवला.

"तसं नाही. खुर्चीसुद्धा दोनदा बदलावी लागली."

"खुर्च्या भाऊ मोडतात. माझ्याखाली त्या नुसत्या कुरकुरतात."

"जड शरीराचं काम मंद होतं, असं मी कुठंतरी वाचलंय."

"मग भाऊंचं?"

"पुरुषांचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं, मालक? पुरुषांचा किलो बाराशे ग्रॅमचा असतो का आठशेचा?"

मालकांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याकडे बघितलं. पत्र्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

माणूस कोंडीत सापडला की उदार होतो. मालक मोठ्यानं म्हणाले, "बरं, चारचौघांसमोर शब्द देतो. आपल्याच काट्यावर ऐंशी करून दाखवा. ज्या महिन्यात ऐंशी दिसेल, त्या महिन्यापासून तीन हजार वाढले." आणि हसले. नऊ वर्षांचे नव्वद कुठं हलणार, हा त्यांचा हिशेब.

"ऐकलंत ना?" बाईंनी टँकरवाल्याला विचारलं.

"ऐकलं, ताई. मी साक्षीदार."

बाईंचा हिशेब वेगळा होता. काटा दहाच्या पटीत बोलतो, म्हणजे चौऱ्याऐंशीला तो ऐंशीच म्हणणार. सहा किलो उतरवले की काम झालं. ज्याचं मीठ खातो त्याची खोड माहीत असावी.

पुढचे तीन महिने त्यांनी कसे काढले ते त्याच सांगत, दोन वाजता पाळी बदलताना. घरापासून काट्यापर्यंत चालत यायच्या, तासभर. डब्यात काकडी. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात आकाश डोक्यावर घेतलं. "इतकी वर्षं लोक म्हणत होते, हिनं सुनेला कसं पोसलंय बघा. आता तू वाळलीस की बोल कुणाला लागणार? मलाच ना? तुझ्या मालकाला म्हणावं, आधी माझ्याशी बोल." नवरा शिंपी. तो दर रविवारी मुकाट्यानं टाके उसवून झंपर आत घेई. एकदा एवढंच म्हणाला, "तीन हजार मिळाले तर दोऱ्याचा खर्च निघेल."

"भूक लागते हो भाऊ," बाई एकदा म्हणाल्या. "काम करून भूक लागते त्याचं काही नाही. पण ही भूक म्हणजे नुसती दुसऱ्याच्या डोळ्यांची चाकरी."

मी माझा डबा त्यांच्यासमोर उघडायचं बंद केलं. त्यापलीकडे काही केलं नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्यांनी मला सकाळी सातला बोलावून घेतलं. टँकरवालाही आला, तोंड धुऊन. मालक चहाचा कप घेऊन उभे. बाई पाटावर गेल्या, चपला काढल्या, उभ्या राहिल्या. लाल आकडे जरा थरथरले आणि ठरले. ऐंशी.

टँकरवाल्यानं शिट्टी मारली. मालक आकड्यांकडे बघत राहिले. मग बाईंकडे. मग पुन्हा आकड्यांकडे. आणि त्यांच्या तोंडातून जे निघालं त्याला तोड नाही.

"काटा बिघडला."

"काय?"

"रोज नव्वद दाखवतो. आज ऐंशी. म्हणजे दहा कमी दाखवतोय. अशानं धंदा बुडेल. कारागिराला बोलवा."

"मालक, मी बारीक झालेय. दिसत नाही का? झंपर बघा."

"झंपराचं काय, कुणी सैल शिवतं, कुणी घट्ट."

बाईंनी दवाखान्यातली चिठ्ठी काढली. डॉक्टरच्या काट्यावर चौऱ्याऐंशी, सहीशिक्क्यासकट. मालकांनी ती लांब धरून वाचली. "डॉक्टरचा काटा केवढा, आपला केवढा? आपला चाळीस टन तोलतो. त्याच्यापुढं ती खेळणी."

नाचता येईना अंगण वाकडं, हे मी ऐकून होतो. पगार देववेना म्हणून काटा वाकडा, हे त्या दिवशी पाहिलं.

कारागीर आला. त्याचं काम सोपं असतं: ठाऊक असलेलं वजन पाटावर ठेवायचं, यंत्रावर तो आकडा दाबायचा, म्हणजे काटा त्या आकड्यावर बसतो. त्यानं वजनं मागितली.

"पिंपाखाली आहेत, आणि पिंप आत्ताच भरलंय," मालक म्हणाले. "बाईंनाच उभं कर. नऊ वर्षं आपण त्यांच्यावरच बघतो."

"ताई, किती दाबू?"

"चौऱ्याऐंशी."

"नव्वद दाब," मालक म्हणाले.

कारागिरानं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा मालकांकडे. त्याचे पैसे मालक देणार होते. त्यानं नव्वद दाबले.

बाई पाटावरून उतरल्या, चपला घातल्या, केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि पहिल्या गाडीची पावती केली. आकड्याखाली सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली: "मालकांच्या सांगण्यावरून हा काटा माझ्या वजनावर बसवला आहे. तक्रार मालकांकडे." खाली सही. दुसऱ्या पावतीवर तेच. दोन वाजेपर्यंत एकवीस पावत्या.

मालक जेवायला गेले होते. दोनला मी खुर्चीवर बसलो. समोर पावतीबुक. पहिल्या तीन गाड्यांना मी नुसता आकडा लिहून दिला. चौथा ड्रायव्हर म्हणाला, "सकाळच्या पावतीवर मजेशीर लिहिलंय म्हणे. माझ्यावर नाही?" मी इकडेतिकडे बघितलं आणि तीच ओळ लिहिली, फक्त 'माझ्या'च्या जागी 'बाईंच्या'. अक्षर इतकं बारीक आलं की त्याला वाचता येईना. मग मोठं लिहिलं. त्यानंतर सगळ्यांना.

दुसऱ्या दिवशी मीही सकाळीच आलो, तर काट्यासमोर ही रांग. सगळ्यात पुढं टँकरवाला, हातात दोन पावत्या.

"मालक, माझी रिकामी गाडी सहा हजार दोनशे. सात वर्षं. काल सहा हजार सहाशे चाळीस. गाडीला दिवस गेले का?"

मागून भंगारवाला स्वतः आला होता. "मी काल तीन गाड्या लोखंड घेतलं. त्यात लोखंड किती आणि तुझी हुशारी किती, ते वेगळं काढून दे."

"पावतीवर लिहिलंय, बाईंच्या वजनावर बसवलाय म्हणून," कुणीतरी मागून ओरडलं. "आधी बाईंचं वजन नक्की करा, मग आमच्या गाड्यांचं बोलू!"

"बाईंच्या सहीशिवाय पावती चालणार नाही," भंगारवाला म्हणाला. "आणि बाई म्हणतील तोच काटा."

नाक दाबलं की तोंड उघडतं. मालकांनी भरलेलं पिंप ओतायला सांगितलं. अंगणभर पाणी झालं. गंजलेली दहा वजनं निघाली, ड्रायव्हरांनीच वाहून पाटावर मांडली. दोनशे किलो. आकडा आला दोनशे दहा.

बोलावून आणलेल्या कारागिरानं काटा पुन्हा बसवला, या वेळी कुणाला न विचारता. वजनं उतरवली. बाई पाटावर चढल्या. ऐंशी. चाळीस ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. नव्वद किलोच्या बाईला इतक्या वर्षांत कुणी टाळी दिली नव्हती.

"ठीक आहे, ठीक आहे," मालक म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. वजन कमी केलंत, तीन हजार घ्या."

"थांबा," बाई उतरल्या. "भाऊ, जरा उभे राहा."

मला कळेना, पण मी गेलो. इतक्या लोकांसमोर मी आयुष्यात उभा राहिलो नव्हतो. आकडा थरथरलासुद्धा नाही. शंभर.

रांगेत खसखस पिकली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"मालक, यांना शंभरावर मिळतात, मला ऐंशीवर. मग वजनाचा संबंध काय? मी पुन्हा जेवायला लागले की तीन हजार परत घेणार तुम्ही. मला वजनाबद्दल नकोत. यांना ज्याबद्दल देता, त्याबद्दल द्या."

"त्यांना संसार आहे, बाई."

"आणि मी काय झाडावर राहते?"

मालकांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी अजून पाटावरच होतो, डोक्यावर शंभर घेऊन. पत्रा लांब होता. मी म्हणालो, "काम एकच आहे, मालक. मला बाईंनीच शिकवलंय." आवाज फाटला माझा, पण पहिल्या दोन-तीन ड्रायव्हरांना ऐकू गेला, आणि त्यांनी तो मागं पोचवला.

बाईंनी कागद करून घेतला. त्यात वजनाचा शब्द नव्हता. "दोन्ही पाळ्यांचं काम सारखं, पगार सारखा." मागच्या नऊ वर्षांचं काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मालकांना चक्कर आली. ते पैसे कधी मिळाले नाहीत. ते खोटं कशाला लिहू?

त्या दुपारी बाईंनी माझ्या डब्यातला अर्धा भात खाल्ला, न विचारता. सासूबाईंनी पुढचं काम हाती घेतलं. शिंप्यानं झंपर हळूहळू पुन्हा सैल करत आणले.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी मी काही कामानं लवकर गेलो होतो. बाई पाटावर चढल्या. वजनं आता पिंपाखाली नव्हती, पण सवय ती सवय. लाल आकडे थरथरले आणि नव्वदवर ठरले. मालक चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी आकडा बघितला. बाईंनी मालकांकडे बघितलं.

"काटा बरोबर आहे," मालक घाईघाईनं म्हणाले आणि पहिल्या गाडीला हात केला.