तिचं सामान

माझी लेक पुण्याला असते. तिचा फोन आला की आधी बाबांची चौकशी, मग माझी, आणि शेवटी हुकूम. या खेपेचा हुकूम असा होता: "आई, दोघांत मिळून एकच बॅग. समुद्रावर जायचंय आपल्याला, बिऱ्हाड हलवायचं नाहीये."

"अन् तुह्या बाबाचे सेटर, चादर, पांघरूण?"

"तिथे खोलीवर सगळं असतं गं. तुला बाबांना धरायचंय की बॅगा?"

मी म्हटलं, "हाव बाई, एक त एक."

लेकीचं बरोबर होतं. नवरा माझा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. सोनाळ्याकडच्या गावांत नोकरी केली, मग रिटायर होऊन आम्ही मलकापुरात दोन खोल्या बांधल्या. पोरांच्या तीन-तीन पिढ्यांची नावं त्यांच्या तोंडी असायची. आता ती गळून चालली आहेत. आधी शेजाऱ्यांची गेली, मग जावयाचं गेलं, मग एका सकाळी मी चहा पुढं केला तर म्हणाले, "तुम्ही काऊन तकलीफ घेता, बाई?" लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मी इकडंतिकडं पाहिलं, वाटलं मागं कोणी पाहुणी उभी असेल.

सकाळची बुद्धवंदना मात्र तोंडपाठ आहे. हात जोडून बसले की एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. मी शेजारी बसून म्हणते, मध्ये चुकले तर डोळ्यानं दटावतात. वंदना पाठ आहे, मी नाही.

समुद्राचं मी मनात धरलं ते यामुळंच. आम्ही दोघं एकदा समुद्रावर गेलो होतो, लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा, लेक व्हायच्या आधी. तिथं नेलं तर काही हलेल, असं मला वाटायचं. फार नाही, एक कप चहा होईस्तोवर त्यांनी मला ओळखावं, बस. लेकीला हे सांगितलं नाही. तिला एवढंच म्हटलं की बाबाला हवा मानवेल.

आता त्या पहिल्या खेपेबद्दल सांगते, कारण ती बया, म्हणजे तेव्हाची मी, सांगण्यासारखीच होती. अंगानं काडी, आणि अक्कल त्याहून बारीक. नवरा म्हणाला, चार दिवसांसाठी अलिबागला जाऊ. या बाईनं आठ दिवस आधीपासून बांधाबांध सुरू केली. कोकणात लोक भात खातात असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून ज्वारीच्या पिठाचा डबा. पीठ आहे म्हणून तवा. तवा आहे म्हणून स्टोव्ह. स्टोव्हला लागेल म्हणून पिन. ठेच्याची बरणी, त्या बरणीला गुंडाळायला दोन लुगडी, ती मळतील म्हणून साबणाची वडी. परक्या गावात वंदना चुकू नये म्हणून बुद्धाची लहान मूर्ती टॉवेलमध्ये बांधून. परक्याच्या गादीवर झोपायचं नाही म्हणून दोन गोधड्या. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे दुधाचं मोठं कॅन भरून पाणी.

पाणी! समुद्राला!

तिचाही इलाज नव्हता. आमच्या त्या पट्ट्यात, पूर्णा नदीकडे जाल तसं विहिरीचं पाणी खारं होत जातं. चहा नासतो, डाळ शिजत नाही. गोडं पाणी आणायला बाया कोसभर जायच्या. पाहुणा आला तर आधी त्याला सांगायचं, घ्या, गोडं आहे. त्या बयेनं हिशोब मांडला: साध्या नदीच्या काठाला एवढं खारं, तर समुद्राच्या काठाला विहिरीत काय असेल? नुसतं मीठ! नवऱ्यानं समजावलं, "अवं, तिथं बी माणसं राह्यतात. ते काय पीत असतीन?"

"त्यायले सवय असन. तुमचं पोट बिघडलं त कोन निस्तरीन?"

मास्तर माणूस, बायकोपुढं कोणाची शाळा चालते? मलकापूरला गाडीत चढताना कॅन त्यांच्या खांद्यावर, मुंबईला लाँचमध्ये चढताना त्यांच्या खांद्यावर. वाटेत झाकण सैल होऊन सदरा भिजला तर ही म्हणते, "सांभाळून! गोडं हाय थे."

अलिबागला ज्या घरी उतरलो, त्यांच्या परसात विहीर होती. त्या घरच्या बाईनं तांब्या भरून दिला. ही नको नको करत होती, नवरा प्यायला. आणि असा हसत सुटला की तांब्यातलं पाणी नाकात गेलं. पाणी नारळासारखं गोड होतं. एवढं होऊनही तिनं कॅनमधलं पाणी फेकलं नाही. टाकवत नव्हतं. उरलेलं घेऊन परत गावी आली. समुद्राला नेलेलं पाणी घरी आणणारी वऱ्हाडात ती पहिली आणि शेवटली असेल.

हा किस्सा नवऱ्यानं जन्मभर सांगितला. शाळेत, लग्नाच्या मांडवात, व्याह्यांसमोर, गाडीतल्या अनोळखी माणसाला. मी चिडायची. "झालं का तुमचं? लोकायले अजून किती सांगसान?" ते अजून रंगवायचे.

आता ते हा किस्सा मलाच सांगतात.

दुपारी खाटेवर बसतात, मला समोर पाहतात, आणि घरी आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं अदबीनं सुरू करतात. "तुम्हाले सांगतो बाई, आमची मंडळी भारी वस्ताद. एकदा काय झालं, आम्ही गेलो समुद्रावर..." डोळे लकाकतात. आवाज पार तरुण होतो. विहिरीपाशी आले की थांबतात, माझ्या हसण्याची वाट पाहतात. मी बरोबर जागेवर हसते. पहिल्यांदा ऐकल्यासारखी. मग ते विचारतात, "दिसली का तुम्हाले कुठं? बाजारात गेलती. अजून आली नाही."

"येईन," मी म्हणते.

तर अशी मला म्हातारपणी सवत आली आहे. तिचे दात शाबूत, केस काळे, आणि अक्कल नसली तरी नवऱ्याचा जीव तिच्यावर. मी तिची टवाळी करते ती उगाच नाही. रोज सकाळी त्याचं अंग पुसायचं मी, गोळी द्यायची मी, रात्री बाथरूमचा दिवा लावून ठेवायची मी, आणि वाट कोणाची पाहायची? त्या स्टोव्हवालीची!

लेकीच्या हुकमाप्रमाणे मी बॅग भरायला घेतली. त्यांचे तीन जोड, माझ्या दोन साड्या, गोळ्यांची डबी, टॉवेल, कंगवा. अर्ध्या बॅगेतच आटपलं. मीच चाट पडले. वाटलं, पाहा, आता शिकले मी. ती बया असती तर अजून डबेच पुसत बसली असती.

चहा ठेवून परत आले तर बॅग फुगलेली. उघडून पाहते तर पोळपाट, मिठाची बरणी, देवळीतली मूर्ती, माझी धुवायला टाकलेली साडी, दाराचं कुलूप. मी सगळं काढून जागच्या जागी ठेवलं. संध्याकाळी पुन्हा तेच, वर पितळेचा गंज, मोठं पातेलं. दुसऱ्या दिवशी मी गंज काढत होते, तर ते दारात उभे.

"बाई, थे काढू नका."

"काऊन?"

"आमच्या मंडळीले लागते. नाही भेटलं त रस्त्यात चिडन." आणि जवळ येऊन, माझी अडचण ओळखल्यासारखं हळू म्हणाले, "सामान जास्त होते, मले समजते. पण मी उचलतो सारं. तुम्ही फिकर नका करू."

मला त्या गंजात डोकं घालून रडावं वाटलं. हा माणूस जन्मभर माझ्या सामानावरून मला टोमणे मारत आला. आणि आता कोणी टोमणा मारणारं नव्हतं तेव्हा कळलं की त्याला ते उचलायला आवडायचं.

मी लेकीला फोन लावला. "अवं, बॅग मोठी होऊन राह्यली."

"आई! काय भरतेस एवढं?"

"मी नाही भरत. तुहा बाप भरून राह्यला."

"मग काढ ना."

"काढीन," मी म्हटलं. काढलं नाही. पोळपाट तेवढा काढला, कारण त्यांच्या मंडळीला गोल पोळी कधी आलीच नाही, तिला कशाला पाहिजे? मूर्ती, साडी, बरणी, गंज, सगळं राहू दिलं. दुसरी बॅग काढावी लागली.

आम्ही रेल्वेनं कल्याणला उतरलो, तिथं लेक गाडी घेऊन आली होती. दोन बॅगा पाहून तिनं कपाळावर हात मारला. बाबांनी तिला नमस्कार केला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "या बाईनं लय मदत केली. नाहीतर मी येकटा कसा आलो असतो?" लेकीनं माझ्याकडं पाहिलं. तिला माहीत होतं, फोनवर मी सांगितलंही होतं, पण समोर ऐकणं वेगळं. ती डिकी उघडायला गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली.

गाडीत ते झोपले. लेक आरशातून पाहत म्हणाली, "आई, तू त्यांना सांगत का नाहीस? मीच ती, म्हणून?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"म्हणाले, थट्टा नका करू, बाई. तुम्ही माह्या मायच्या वयाच्या."

लेक हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "खरंच असं म्हणाले?"

"मंग. आरशात पाहिलं मी जाऊन. फार काही खोटं नव्हतं त्यायचं."

समुद्रावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाव तेच होतं, पण ते घर कुठं होतं, विहीर कुठं, काही ओळखू येईना. सगळीकडं खोल्या देणाऱ्या इमारती झालेल्या. लेक म्हणाली आधी चहा घ्या. मी म्हटलं नाही, आधी पाणी पाहू. मला धीर नव्हता. मी त्यांचा हात धरला, त्यांनी धरू दिला, परका माणूस रस्ता ओलांडून देताना धरू देतात तसा.

वाळूत आल्यावर ते थांबले. वारा सदऱ्यात शिरला. किती तरी वेळ समोर पाहत राहिले. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उघडत गेला. ओठ हलले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता. आता वळतील आणि मला 'तू' म्हणतील. मी पदर नीट केला. या वयात, त्या वाऱ्यात, पदर नीट केला! त्या बयेला हसते मी, पण माझ्यात तिच्याहून काय जास्त अक्कल आहे?

ते वळले. माझ्या खांद्यावरून मागं पाहू लागले. रस्त्याकडं.

"ती राह्यली मागं," ते म्हणाले.

"कोन?"

"आमची मंडळी. इथंच उभी होती. लाट आली की माह्या सदऱ्याले धरे, दोन गुंड्या तोडल्या तिनं." हसले. मग एकदम घाबरे झाले. "तिले पाण्याची भीती वाटते. मी नसलो त ती पाय ठेवत नाही पाण्यात. बाई, तुम्ही पाहता का जरा तिकडं?"

लेक मागून येत होती. तिनं ऐकलं. ती काही बोलणार, तोच मी हातानं तिला थांबवलं.

"येऊन राह्यली ती," मी म्हटलं. "सामान लय हाय ना तिच्याजवळ. वेळ लागते."

हे त्यांना पटलं. मान डोलावली. "हाव. सामान लय आणते." आणि खाली वाळूत बसले. गुडघे दुखतात, पण मी आधार द्यायच्या आत बसले. चप्पल काढून बाजूला ठेवली. लाटा पुष्कळ खाली होत्या, पाय ओले व्हायचा प्रश्नच नव्हता. ती आल्याशिवाय ते पुढं जाणार नाहीत, हे मला समजलं.

मी उभीच होते. मग विचारलं, "ती येईस्तोवर मी बसू का इथं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत. मास्तर माणूस, कोणाला नाही म्हणायचं तर मन मोडू नये याची काळजी घेणारे.

"बसा ना," म्हणाले. "पण राग नका मानू. ती आली की तुम्हाले उठा लागीन."

"उठीन," मी म्हटलं.

ते थोडे सरकले. त्यांच्या शेजारची जागा त्यांनी हातानं सारखी केली, शंख-शिंपले उचलून बाजूला टाकले, आणि ती तशीच मोकळी ठेवून मला तिच्या पलीकडची वाळू दाखवली. मी तिथं बसले.