मांजर्लीची शाकंभरी

गाडीत बसताना बाबा एवढंच म्हणाले, "शाकंभरी, पोटभर खा गो बाय." सगळे रडत होते. मला रडू आलं नाही. नथ टोचत होती, तेवढं आठवतंय.

मैत्रिणींनो, तुमच्यातली कोणी दुबईला गेली, कोणी मांजर्लीतच राहिली. मी गेले उल्हासनगर कॅम्प एकला, सिंधी घरात, तेही लव्ह मॅरेज करून. हसू नका गं, इतक्या जवळही माणूस परका होतो.

माझा जन्म पौष पौर्णिमेचा. दुष्काळात जिने स्वतःच्या अंगातून पालेभाज्या उगवून लोकांना जगवलं, ती देवी शाकंभरी. नदीकाठी आमचे माठ-मेथीचे वाफे होते, त्यामुळे बाबांना दुसरं नाव सुचलंच नाही. आई म्हणायची, "एवढंसं पोर नि नाव बघा केवढं!" सगळ्यांनी मग शाकू करून टाकलं. बाबा मात्र बांधावरून पूर्ण नावाने हाक मारायचे, पार नदीपल्याड ऐकू जाईल अशी.

लग्नात सिंधी महाराजांनी, म्हणजे त्यांच्या भटजींनी, पत्रिका बघून माझं नाव रिया ठेवलं. त्यांच्यात रीतच आहे तशी. नवरा म्हणाला, "मस्त आहे ना, शॉर्ट." मी हो म्हटलं. वाईट वाटलं होतं का? वाटलं असेल. वाफ्यांच्या जागी आता बिल्डिंग आहे. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. दिवस करून मी परत आले आणि आमच्या कापडाच्या दुकानात बसले. गिऱ्हाइकांशी हसून बोलले. आत काही म्हणजे काही हललं नाही.

परवा सासूबाईंबरोबर साईभाजीसाठी पालक निवडत होते. चणाडाळ घालून करतात ती, आमच्याकडे आठवड्यातून दोनदा होते. त्या मला पुट म्हणतात, म्हणजे बाळ. मध्येच म्हणाल्या, "तेरे पहलेवाले नाम का मतलब क्या था, पुट?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, देवी, दुष्काळ, भाजीपाला. त्यांनी हातातल्या जुडीकडे बघितलं. मग मीच विचारलं, "मम्मी, शादी से पहले आपका नाम?"

कुकरची शिटी झाली.

"भगवंती," त्या म्हणाल्या. "अब कौन बुलाएगा? सब चले गए।" आणि उठून गॅसपाशी गेल्या.

घर कुठलं विचारलं तर मी कॅम्प एकचा पत्ता सांगते. खरं म्हणजे घर होतं ते बाबांच्या हाकेत, आणि ती हाक आता कुठेच नाही. हे कळलं तेव्हाही मला रडू आलं नाही.

मागून आवाज आला, "शाकंभरी, नमक दे."

मी पालक निवडत राहिले. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा लक्षात आलं, ती मलाच होती.