बत्तीस आणि साठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर मुळीच नाही.

आयटीवाल्यांना जपानमध्ये भराभर बोलावणं येत होतं, ते दिवस. नवऱ्याला तोयोसुच्या ऑफिसात काम मिळालं आणि आम्ही पुण्याहून उरायासुला राहायला आलो. तो सकाळीच जायचा. मी दिवसभर घरात — भाषा येत नाही, ओळखपाळख नाही. शेजारच्या मोरिता-सान यांनी मला हाताला धरून सगळं शिकवलं. कुठला कचरा कुठल्या दिवशी टाकायचा, डॉक्टरांशी काय बोलायचं. पन्नाशी उलटलेल्या, एकट्या. एकट्या म्हणजे — त्यांच्याकडे साप होता. अजगराच्या जातीचा, पण लहान. नाव मारू. वारलेल्या नवऱ्याने पाळलेला.

जानेवारीत ओसाकाला त्यांची आई आजारी पडली. आठ दिवसांसाठी जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. काचेच्या पेटीत एका बाजूला बत्तीस अंश, ओलावा साठ टक्के. दिवसातून दोनदा बघायचं, पाणी फवारायचं. खायला घातलंय, ऊब कमी झाली तर ते पचणार नाही, हेही सांगितलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

सापाची मला भीती वाटायची. मग नाही का म्हणाले नाही? त्यांना नाही कसं म्हणणार — असं तेव्हा वाटलं.

पहिले दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी झाकण उघडून फवारत होते, तर मारूने मान उचलली आणि माझ्या हाताकडे वळवली. मी दचकले. बाटली सुटून पेटीमागच्या प्लगवर पडली, पाणी सांडलं. मेन स्विच पडल्याचा आवाज आला आणि हीटरचा लाल दिवा विझला. मी झाकण लावलं आणि बाहेर पडले.

दिवा विझलेला मी पाहिला होता. प्लग पुसून स्विच वर करायचा, एवढंच काम. पण त्यासाठी पुन्हा पेटीमागे हात घालावा लागला असता.

संध्याकाळी ओसाकाहून फोन आला. "किती आहे?" त्यांनी विचारलं.

"बत्तीस," मी म्हणाले.

"आणि ओलावा?"

"साठ."

तुम्ही आहात म्हणून मी आईजवळ बसू शकते, असं त्या म्हणाल्या.

चार संध्याकाळी मी हेच आकडे सांगितले. आमच्या घरात हीटर चालू असायचा. रोज ठरवायची, आज जाते. का गेले नाही? पहिल्या दिवशी भीती होती. नंतर होतं ते वेगळं — दार उघडल्यावर काय दिसेल, ते मला बघायचं नव्हतं.

त्या परतायच्या आदल्या दिवशी गेले. मारू पाण्याच्या भांड्याशेजारी ताठ पडला होता. खाल्लेला उंदीर अर्धवट बाहेर आलेला. मी प्लग पुसला. स्विच वर केला. पाणी फवारलं. काचेवर वाफ धरली, थोड्या वेळाने आकडा बत्तीसवर आला. मग ओसाकाला फोन केला — आत्ताच पाहिलं, सकाळपर्यंत बरा होता.

मोरिता-सान आल्या. आकडे पाहिले आणि पेटीसमोर बसून राहिल्या. निघायच्या घाईत खायला घातलं, माझंच चुकलं, असं म्हणाल्या. मग माझ्यासमोर कमरेत वाकून त्यांनी माफी मागितली, मला असलं बघायला लावल्याबद्दल. मीही वाकले.

"तुमची काही चूक नाही," मी म्हणाले. त्या आठवड्यात त्यांच्याशी बोललेलं बहुतेक एवढंच खरं.

पुढे तीन वर्षं आम्ही तिथेच होतो. त्यांनी पुन्हा काही पाळलं नाही. इमारतीतल्या बायकांशी माझी ओळख करून देताना मात्र सांगायच्या — यांनी मारूचं सगळं केलं, शेवटी तो एकटा नव्हता.

तो एकटाच होता. चार दिवस, गारठ्यात, आमच्या भिंतीपलीकडे. आणि मी दर वेळी मान झुकवून आभार मानले.