नगरसेवकाच्या अंगणातला व्यायाम

निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत माझा उजवा गुडघा दुखायला लागला. बत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात खुर्चीवर बसून काढली होती. डॉक्टरांनी गोळ्या कमी दिल्या आणि बोलणी जास्त. म्हणाले, रोज सकाळी घराबाहेर पडा, पाय हलते ठेवा. म्हणून मी पंचवटीतल्या आमच्या कॉलनीच्या बागेत जायला लागले.

तिथे मला दोन मैत्रिणी मिळाल्या. एक शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. त्यांना सगळी कॉलनी बाईच म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागले. दुसऱ्या देवळ्याच्या वहिनी. मुलाने नाशकात फ्लॅट घेतला म्हणून त्या गाव सोडून आलेल्या. सगळं आयुष्य कांद्याच्या वावरात गेल्यामुळे बागेतल्या फेऱ्यांचं त्यांना हसू यायचं. "कुठं जायचं नाय, काय आणायचं नाय, तरी नुसतं चालत सुटायचं," असं म्हणत त्या आमच्या दोघींच्या पुढे चालायच्या.

त्याच वर्षी आमच्या नगरसेवकांच्या, म्हणजे भाऊंच्या, निधीतून बागेत ग्रीन जिम आली. पिवळ्या-निळ्या रंगाची सहा यंत्रं. फीत कापली, पेढे वाटले. शेजारी पाटी लागली, 'सार्वजनिक वापरासाठी. वेळ सकाळी सहा ते नऊ.' त्यातलं एक यंत्र माझं फार आवडीचं झालं. दोन पट्ट्यांवर उभं राहायचं, समोरचा दांडा धरायचा आणि पाय मागे-पुढे झुलवायचे. गुडघ्यावर भार येत नसे. महिन्याभरात मी जिना न थांबता चढायला लागले.

आणि एका सकाळी ते यंत्र जागेवर नव्हतं. त्याच्यासोबत कंबर फिरवायची चकतीही गेलेली. सिमेंटच्या ओट्यातून नुसते बोल्ट वर आलेले. माळीदादांना विचारलं तर ते म्हणाले, "दुरुस्तीला नेलं ताई. टेम्पो आला होता."

"पण बिघडलं काय होतं?"

"ते मला नाही सांगितलं."

पंधरा दिवस वाट पाहिली. मग बाई म्हणाल्या, विभागीय कार्यालयात अर्ज देऊ. अर्ज मी लिहिला. आयुष्यभर तेच केलं होतं. उत्तर आलं, 'सदर साहित्य दुरुस्तीकामी नेण्यात आले असून लवकरच पूर्ववत बसविण्यात येईल.' अशी उत्तरं मी स्वतः शेकड्यांनी टाइप केली आहेत. त्यामुळे वाचताक्षणी कळलं, की लिहिणाऱ्याला ते यंत्र कुठे आहे याची काडीचीही कल्पना नाही.

शोध लागला तो वहिनींमुळे. नगरसेवकांची आई मूळची नामपूरकडची, वहिनींच्या लांबच्या नात्यातली. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला वहिनी त्यांच्या बंगल्यावर गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी बागेत आल्या त्या गालातल्या गालात हसतच.

"आपली मशिनं घावली," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"भाऊंच्या बंगल्यामागं. लय झ्याक हिरवळ केलीय, तिथं रोवलीत. तुमच्या त्या झुल्यावर आजींची लुगडी वाळत हायेत."

बाई हसता हसता बाकावर बसल्या. मला मात्र राग आला. घरपट्टी आम्ही वेळेवर भरायची आणि झुल्यावर लुगडी वाळायची यांची. मी म्हणाले, तक्रार करू, पेपरात देऊ. बाईंनी डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "पाटीवर काय लिहिलंय?"

"सार्वजनिक वापरासाठी."

"मग झालं तर. यंत्र सार्वजनिक आहे. ते कुठे ठेवलंय याने फरक पडत नाही. उद्या सहाला तिकडेच जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी साडीवर बूट घालून नगरसेवकांच्या फाटकाशी उभ्या राहिलो. वॉचमन म्हणाला, भाऊ झोपलेत.

"झोपू देत की," बाई म्हणाल्या. "आम्ही व्यायामाला आलोय."

एवढ्या सकाळी कोणी कामासाठी आलं तर काय सांगायचं हे त्याला पाठ होतं. व्यायामाला आलं तर काय सांगायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो घुटमळला, तेवढ्यात फुलांची परडी घेऊन आजी, म्हणजे भाऊंच्या आई, आल्या. वहिनींना पाहून त्यांचा चेहरा एकदम खुलला. "या वं बाई, या," म्हणत त्यांनीच फाटक उघडलं. मागे नेऊन स्वतःच्या हाताने लुगडी काढून घेतली आणि यंत्र मोकळं करून दिलं. मी त्यावर चढले. आमचंच यंत्र, पण पाय झुलवताना परक्या घरात शिरल्यासारखं वाटत होतं. व्यायाम झाल्यावर आजींनी गवती चहा घातलेला चहा दिला.

मग रोजच जायला लागलो. चौथ्या दिवशी आम्ही नऊ जणी झालो होतो. एकीने चटई आणून हिरवळीवर प्राणायाम सुरू केला. आजींना तर आनंदच झाला. या घरात सकाळी जे येतात ते भाऊंकडे येतात, हातात कागद घेऊन, असं त्या म्हणाल्या. आपल्याशी बोलायला कोणी येत नाही.

पण त्याच दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि माझी सगळी गंमतच गेली. आपले गुडघे फार दुखतात म्हणून मुलाने खास ही यंत्रं आणली, असं त्यांना वाटत होतं. "मन्हा पोऱ्यानी आणं," असं त्या केवढ्या कौतुकाने म्हणाल्या. मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी कपाकडे. आम्ही चोर पकडायला आलो होतो आणि त्याच्या आईच्या हातचा चहा पीत बसलो होतो. परतताना मी म्हणाले, उद्यापासून नको. बाई म्हणाल्या, "अजून एक दिवस. ते उठेपर्यंत."

पाचव्या दिवशी भाऊ उठले. पंचेचाळिशीचा माणूस, हातात फोन, तोंडभर हसू. "काकू, आज इकडे कशा काय?"

"आज नाही, पाच दिवस झाले येतोय," बाई म्हणाल्या.

"बागेत केलीय की जिम तुमच्यासाठी."

"बागेत चार यंत्रं आहेत. दोन इथे आहेत."

त्यांचं हसू जागेवर राहिलं, पण आवाज खाली आला. आजी तुळशीपाशी होत्या. "आईला चालवत नाही काकू. बागेत चार लोकांत तिला संकोच वाटतो. दोन यंत्रांनी असं काय बिघडलं? वॉर्डासाठी मी काय कमी केलंय?"

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत तुंबणारं गटार त्यांनीच उभं राहून दुरुस्त करून घेतलं होतं. मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही तर सरकारी नोकरीत होता. खरं सांगा, ऑफिसातलं कधीच काही घरी आलं नाही?"

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोळ्यांपुढे मुलीच्या वह्या आल्या. पहिलीपासून दहावीपर्यंत प्रत्येक वहीला कव्हर होतं ते ऑफिसच्या खाकी कागदाचं. गणितं सोडवायला जुन्या फॉर्मांची पाठकोरी बाजू. पेनं तर विचारूच नका. 'नाही' म्हणायला एक क्षण पुरला असता.

"आलं," मी म्हणाले. "मुलीच्या वह्यांची कव्हरं ऑफिसच्या कागदाची होती. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलंच नाही. आपण दिवसभर तिथे राबतो, मग एवढ्याने काय होतं, असं वाटायचं. तुम्हाला आत्ता वाटतंय ना, अगदी तसंच."

भाऊंना हे उत्तर अपेक्षित नसावं. ते फोनकडे बघायला लागले. पहिल्यांदा हसल्या त्या वहिनी, मग एकेक करत सगळ्याच. ते ऐकून आजी आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. शेवटी वहिनींनी त्यांना जवळ बसवून, गावाकडच्या बोलीत, आवाज न चढवता सांगितलं, की ही यंत्रं बागेतली आहेत.

आजींनी मुलाकडे पाहिलं. "हाई कोनं शे मंग?"

"सगळ्यांचंच आहे आई," भाऊ म्हणाले.

आजी रागावल्या नाहीत. थोडा वेळ त्या पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "मी बागमा जासू." आपणच बागेत जाऊ, असं. भाऊ म्हणाले, आई, तुला तिथे अवघडल्यासारखं होईल. आजींनी आमच्याकडे हात केला, एवढ्या जणी आहेत की.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी टेम्पो आला. दोन्ही यंत्रं पुन्हा ओट्यांवर बसली. झुला जरासा तिरका बसला आणि तेव्हापासून कुरकुरतो. पहिल्या दिवशी आजी आल्या तेव्हा आम्ही दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर चढवलं. त्या अजिबात लाजल्या नाहीत. उलट खाली उतरायलाच तयार नव्हत्या, मागे रांग लागली तरी.

माझ्या मनातून मात्र ते खाकी कागद जात नव्हते. पुण्याला मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्या कव्हरांवर शिक्का असायचा. वर्गात मुली विचारायच्या, तुझी आई साहेब आहे का. मला भारी वाटायचं." ती हसत होती. मला त्या रात्री झोप लागायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदांचे दोन गठ्ठे विकत घेतले आणि माझ्या जुन्या ऑफिसात गेले. तिथली मुलगी गोंधळली. "मॅडम, हे जमा कशात दाखवू? असं परत घ्यायची तरतूद नाही." साहेबांनाही विचारून आली. खरंच तरतूद नव्हती. शेवटी बाईंनी ते गठ्ठे एका शाळेत दिले, आणि वर मला सुनावलं की तुमच्या हिशेबाने हे फारच थोडे झाले. ते मला मान्य होतं.

निवडणूक जवळ आली तसा बागेच्या फाटकावर एक मोठा फ्लेक्स लागला. 'ज्येष्ठ भगिनींच्या आग्रहाखातर बागेत व्यायामाचे साहित्य.' खाली भाऊंचा हात जोडलेला फोटो आणि बाजूला आम्ही, न विचारता काढलेल्या. वहिनी पदर खोचून झुल्यावर उभ्या होत्या. त्यांनी त्या फ्लेक्सचा फोटो काढून देवळ्याला सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा लावून तो अक्षर न् अक्षर वाचला, आणि भाऊ आजींना सोडायला आले तेव्हा विचारलं, "या फ्लेक्सचे पैसे कुठून?"

"माझ्या खिशातून, बाई. पावती दाखवू?"

"दाखवा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच पावती घेऊन आले. बाई ती वाचत असताना शेजारी उभे राहिले, आणि वाचून झाल्यावर म्हणाले, "तारीखही बघून घ्या. तुम्ही विचारायच्या आधीची आहे."