कोचसाठी वेगळे काढलेले मोदक

शारजातल्या अल नहदाच्या त्या बत्तीस मजली टॉवरमध्ये दोन वर्षांपूर्वी एक बातमी दबक्या आवाजात फिरत होती. राजन टिपणीसने म्हणे युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल कोचला गणपतीला घरी बोलावलं, तुपात बुडवून एकवीस मोदक खाऊ घातले, वर डबा भरून दिला आणि स्वतःच्या पोराला वर्षभर बाकावर बसवून घेतलं. लोक पोराला टीममध्ये घुसवायला वशिला लावतात. बाहेर काढायला लावणारा हा पहिलाच बाप!

ही बातमी सतराव्या मजल्यावरच्या सुलक्षणा गुळवणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. आणि सुलक्षणाने डोळ्यांनी पाहिलेलं तिची लिफ्ट खाली उतरायच्या आत पार्किंगमध्ये पोचलेलं असतं.

लोकांना ती पटायला वेळ लागला नाही, कारण माणूसच तसा. राजन बावन्न वर्षांचा. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका विमा कंपनीत क्लेम्सच्या टेबलावर त्याची बावीस वर्षं गेलेली. रोज सकाळी शारजाहून गाडी काढायची, दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवायचा आणि टेबलाशी बसून दिवसभर वाचायचं काय, तर कोण शिडीवरून पडलं, कोणाचा हात मशीनमध्ये गेला, कोण बाथरूममध्ये घसरलं ते उठलंच नाही. धडधाकट उभा असलेला माणूस राजनला दिसायचाच नाही. त्याला तो पडतानाच दिसायचा.

मग घरी काय होणार? बाल्कनीला कायमचं कुलूप. गॅस बंद आहे की नाही ते तीनदा बघणं. मुलगा शार्दूल आठ वर्षांचा असताना त्याचं पोहणं तिसऱ्या दिवशी बंद झालं, कारण त्याच आठवड्यात टेबलावर एका स्विमिंग पूलची फाइल आली होती. नववीत शाळेची वाळवंटातली सहल निघाली, तेव्हा राजनने शाळेला कळवलं की पोराला ताप आहे. बाकीची पोरं हसतखेळत परत आली. उन्हाने नाकं सोलली होती तेवढीच. फुटबॉल या चाळणीतून निसटला, कारण तो शाळेच्या वेळात व्हायचा आणि कागदांवर सह्या बायको शोभना करायची. राजनला पत्ता लागला तो पोरगं कप घेऊन घरी आलं तेव्हा.

अठराव्या वर्षी शार्दूल शारजातल्याच एका युनिव्हर्सिटीत गेला आणि ट्रायलमध्ये त्याची निवड झाली, लेफ्ट बॅक म्हणून, म्हणजे डावीकडचा बचाव सांभाळायला. तिथला कोच हारुन. जन्म शारजाचा, शिक्षण अमेरिकेतलं, आणि येताना तिथली एक पद्धत घेऊन आलेला. पहिल्या वर्षाच्या पोराने एकतर लगेच खेळायचं, नाहीतर एक वर्ष बाहेर बसायचं. बसणाऱ्याने सराव सगळा करायचा, टीमबरोबर बसमधून जायचं, जेवायचंही बरोबर; पण मॅचमध्ये मैदानावर पाय ठेवायचा नाही. त्याच्या खेळण्याच्या चार वर्षांत ते वर्ष मोजत नाहीत. यासाठी एक फॉर्म असायचा. त्यावर दोन चौकोन आणि खाली पालकांची सही. सीझन सुरू व्हायच्या आधी हारुन प्रत्येक नव्या पोराच्या घरी स्वतः जायचा आणि फॉर्म हातोहात न्यायचा.

आता राजन कुठल्या चौकोनात खूण करणार, हे टॉवरमधल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तरी चर्चा व्हायचीच. सुलक्षणा म्हणायची, "भावजी, वर्षभर बसवलंत तर गंजेल हो पोरगं!" तिचा नवरा अंबादास केटरिंगवाला, तो म्हणायचा, "कच्ची हाडं आहेत अजून. थांबू दे की. लोणचं मुरायलाही वेळ देतो आपण."

"पोरगं म्हणजे काय कैरी आहे?" सुलक्षणा म्हणायची, आणि चर्चा लोणच्यावर जायची.

पण राजनची त्या ऑगस्टपासूनची भीती चेष्टेची नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी एक सरावाची मॅच झाली. राजन गेला, पण मैदानात गेला नाही. कुंपणाशी गाडी लावून एसी चालू ठेवून आतच बसला. बाहेर संध्याकाळीसुद्धा अशी दमट भट्टी की काचांवर बाहेरून पाणी धरत होतं आणि दर दोन मिनिटांनी वायपर फिरवून पोराला शोधावं लागत होतं. समोरची टीम म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचे, भरल्या दाढीचे बाप्ये. आणि त्यांच्यात शार्दूल, अठ्ठावन्न किलोचा.

सहा नंबरचा एक दांडगा धावत आला. शार्दूल पुढे झाला, पण त्याच्या आधी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मध्ये घुसला. बंद काचांतूनही आवाज आला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा.  तो मुलगा ओरडतही नव्हता, हे राजनला सगळ्यात भयंकर वाटलं. स्ट्रेचर आलं, त्याला घेऊन गेलं, आणि एक बूट गवतावर तसाच राहिला. शार्दूल त्या बुटापासून तीन पावलांवर उभा होता. वायपर फिरला, पुन्हा फिरला. पोरगं हललेलं नव्हतं.



तेव्हापासून ऑफिसात कुठल्याही फाइलवर 'पुरुष, वय अठरा' दिसलं की राजन ती मिटायचा आणि शेजारच्या टेबलावर सरकवायचा. शार्दूल उठला, बसला, लिफ्टकडे गेला, की याचे डोळे त्याच्या गुडघ्यांवर. फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. पाणी प्यायला गेलं की दिसायचा. राजनने फ्रिजमधलं पाणी पिणं सोडलं.

"काय करू रे?" त्याने पोराला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मोबाइलमधून डोकं वर न काढता उत्तर आलं, "इट्स युवर कॉल, बाबा."

एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारं पोर यावेळी एवढं शहाण्यासारखं कसं वागतंय, हा प्रश्न क्लेम्सच्या टेबलावर बावीस वर्षं संशय घेण्याचाच पगार घेणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. नाही पडला. स्वतःच्या भीतीचा आवाजच इतका मोठा होता.

गणपती शनिवारी बसले. कोच संध्याकाळी येणार होता. दुपारी शोभना मोदकांच्या कळ्या पाडत होती, राजन शेजारी नुसता उभा.

"नाही म्हणणार आहेस ना?" तिने मान वर न करता विचारलं.

"तू तो आवाज ऐकला नाहीस, शोभना."

"नाही ऐकला. पण एक सांगते. यावेळीही नाही म्हणालास, तर तो तुझ्याशी आयुष्यभर बोलेल, पण सांगणार काहीच नाही. पोहणं झालं, सहल झाली. आता अठरा वर्षांचा झालाय तो."

राजनने कळ्या मोजल्यासारखं केलं आणि बाहेर गेला.

कोच आला. शोभनाने नैवेद्य दाखवायच्या आधीच अकरा मोदक बाजूला काढून ठेवले होते. देवापुढचं काही जण घेत नाहीत. घरी आलेल्याला विचारून अवघडवायचं कशाला? ती म्हणाली, "भाईसाब, ये आपके लिए पहले से अलग रखे थे।"

हारुनने छातीवर हात ठेवला. "भाभी, इतना कौन सोचता है!"

नेमकी त्याच क्षणी दारात दर्शनाला आलेली सुलक्षणा उभी. हातात दूर्वा आणि कान टवकारलेले. 'अलग रखे थे' तेवढं तिने ऐकलं आणि आत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत ठाण मांडलं.

हारुनने दोन मोदक खाल्ले आणि फॉर्म मागितला. राजनने घसा खाकरला. "कोच, चोट लगेगी?"

"लग सकती है, राजनभाई। झूठ नहीं बोलूँगा। मैं पहले ही साल खेला था। घुटना आज भी एसी में दुखता है।" मग थोडं थांबून तो म्हणाला, "लेकिन मुझे लेफ्ट बॅक चाहिए। और लड़का अच्छा है।"

राजनने पेन हातात घेतलं. त्याला तो बूट दिसला. पांढरी पट्टी, सुटलेली नाडी. आता त्या बुटात पाय त्याला शार्दूलचाच दिसत होता.  मग त्याने शोभनाकडे पाहिलं, डोळे जवळजवळ मिटून घेतले, 'या वर्षी खेळेल' या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. सही इतकी वाकडी आली की बँकेने परत केली असती.

शार्दूल बापाकडे बघतच राहिला. राजनला वाटलं, आनंदाने.

उरलेल्या नऊ मोदकांचा डबा घेऊन पोरगं कोचला खाली सोडायला गेलं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. वर आलं तेव्हा त्याच्या हातात कोचने दिलेली फॉर्मची प्रत होती.

"काय रे, पहिल्या मॅचला शिट्ट्या मारायला यायचं ना?" सुलक्षणाने विचारलं.

शार्दूलने कागद बापाच्या हातात दिला. राजनची खूण खोडलेली होती. दुसऱ्या चौकोनात नवी खूण होती, शेजारी शार्दूलची अक्षरं आणि खाली कोचची सही. राजनने पोराकडे पाहिलं. त्याच्या ओठांना रंग नव्हता. 

सुलक्षणाची मान कागदापर्यंत पोचली. "अय्या, बसवलं? कोणी बसवलं?"

शार्दूलने मान खाली घातली. 

"मी," राजन म्हणाला. "मीच सांगितलं कोचला. मला भीती वाटते. तुम्हाला माहीतच आहे."

"अगंबाई! म्हणून ते मोदक वेगळे!" सुलक्षणा म्हणाली, आणि प्रसाद न घेताच लिफ्टकडे धावली.

 सही शोभनाच्या डोळ्यांसमोर झाली होती. ती आत गेली आणि बाल्कनीची किल्ली आणून राजनच्या हातात ठेवली.

बाप-लेक बाल्कनीत उभे राहिले. खाली दुबईच्या हद्दीवर गाड्यांची रांग लागली होती.

"आय वॉज शुअर तू नाही म्हणशील," शार्दूल म्हणाला. "यू ऑलवेज डू. मी त्याच्यावरच विसंबून होतो, बाबा. आणि आज तू सही केलीस!" त्याचा आवाज फाटला. "मी रोज प्रॅक्टिसच्या आधी ओकतो. तो सिक्स नंबर माझ्याकडे येत होता. माझा पाय होता तो."

राजनचे हात कठड्यावर गच्च आवळले गेले. एवढ्या उंचीवर उभं राहायची त्याला सवय नव्हती.

"घाबरून रोज कामावर कसं जायचं, ते मला विचार," तो शेवटी म्हणाला. "त्यात माझा अनुभव दांडगा आहे."

पहिल्या मॅचला राजन गेला, यावेळी गॅलरीत बसला. शार्दूलच्या जागी पहिल्या वर्षाचाच दुसरा मुलगा खेळला, छान खेळला आणि आपल्या पायांनी बाहेर आला. शिट्टी झाली की राजन दचकायचा. बाकावर शार्दूलचा पाय सारखा हलत होता. मागून कोणीतरी "मोदक टिपणीस" म्हणालं आणि चार जण हसले. राजनने वळून पाहिलं नाही. पुढच्या सीझनला शार्दूल मैदानात उतरला, तेव्हाही तो तसाच दचकत होता आणि नाव तेच होतं.

मोदक अकरा होते. नैवेद्यात जाऊ नयेत म्हणून ते वेगळे ठेवले होते, आणि कोचने त्यातले दोन खाल्ले. राजनने सही खेळण्यासाठी केली होती. वर्षभर बसायचं शार्दूलने स्वतः मागितलं, कारण त्याला भीती वाटत होती.