बस्त्याच्या दिवशीचा खांब

"रिक्षानं मारली, साहेब. मी वर दुकानात होतो. खाली येऊन बघतो तर ही दशा."

भानुदास काळे गाडीच्या डाव्या बाजूला उभे होते. नाव बदललेले आहे. मी वर्कशॉपच्या फरशीवर उकिडवा बसून त्यांची गाडी पाहत होतो. पुढच्या फेंडरपासून मागच्या दारापर्यंत एक सलग ओरखडा होता. आरसा तुटून वायरवर लोंबत होता. ओरखड्यात पिवळा रंग बसला होता आणि काळाही.

"काळीपिवळी दुसरी काय असती आपल्या गावात?" काळे म्हणाले. "रिक्षाच."

तर्क चांगला होता. मी दाराच्या पट्टीखाली नखाने खरवडले. राखाडी भुकटी निघाली. सिमेंटची होती. रिक्षाला सिमेंट नसते.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. गाडीचे नुकसान झाले की विमा कंपनी आम्हाला पाठवते. नुकसान केवढे आहे ते आम्ही पाहतो, आणि मालकाने सांगितलेली हकीकत त्या नुकसानीशी जुळते का तेही. बहुतेक लोकांना यातला पहिलाच भाग माहीत असतो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पूर्ण विमा असेल, तर गाडी स्वतःच्या हाताने खांबाला घासली तरी क्लेम मिळतो. चूक कोणाची, हा प्रश्न तिथे येत नाही. मात्र हकीकत खोटी निघाली, तर खऱ्या नुकसानीचा क्लेमसुद्धा नाकारता येतो. म्हणजे जे सांगितल्याने क्लेम मिळाला असता ते काळे लपवत होते, आणि ज्याने क्लेम जातो ते सही करून देत होते. माणूस असे करतो तेव्हा मागे सहसा मोठे काहीतरी असते. लायसन्स नसलेला मुलगा गाडी चालवत असतो. दारू असते. किंवा गाडीपुढे कोणीतरी आलेले असते.

"गाडी कुठे उभी होती?" मी विचारले.

त्यांनी जालना रस्त्यावरच्या एका मोठ्या कापड दुकानाचे नाव सांगितले. तिथले पार्किंग बेसमेंटमध्ये आहे. बेसमेंटचे खांब पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेले आहेत. हे मला माहीत होते, कारण माझ्या पत्नीला ते दुकान आवडते. मी दुकानाचे नाव वहीत लिहून घेतले.

दुकानात गेलो तेव्हा लग्नसराई जोरात होती. रॅम्पवर गाड्यांची रांग लागली होती. कोणी बाहेर पडायला निघाला की त्याच्यामागे दोन गाड्या इंडिकेटर लावून थांबत. इंडिकेटर लावला म्हणजे जागा आपली, असे मानणारा हा एक पंथ. दुसरा पंथ गाडीतला माणूस आधी उतरवतो आणि मोकळ्या जागेत उभा करतो. गाडी मागून येते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या आपल्या लोकांना पार्किंगमध्ये माणूस टाकायला अवघड गेले नाही. दोन्ही पंथांना आपलाच नियम खरा वाटतो. लिहिलेला नियम कुठेच नाही.

बेसमेंटचे गार्ड शेखचाचा म्हणून ओळखले जात.

"इंडिकेटरवाला बोलता मेरा हक, खड़ा सो बोलता मेरा," ते म्हणाले. "मेरे कने खाली सीटी है, साब. मेरे को जज नक्को समझो."

"इथे रिक्षा येते?"

"बेसमेंट में? रिक्षा?" त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. "कौन बोल्या?"

दुकानाच्या मॅनेजरने कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले. काळे यांची गाडी एका मोकळ्या जागेसमोर येऊन थांबते. इंडिकेटर चालू आहे. जागेच्या मधोमध एक धिप्पाड गृहस्थ उभे आहेत. पांढरा सदरा, पांढरी टोपी. ते हाताने 'पुढे जा' अशी खूण करतात. काळे काच खाली करतात. दोघांचे हात हलू लागतात. मग गाडी इंचाइंचाने आत शिरते. गृहस्थ बॉनेटवर पंजा ठेवतात. गाडी एकदम डावीकडे वळते, खांबाला लागते आणि तशीच घासत आत जाते. ते गृहस्थ खांबाच्या आड जातात. पुढचे काही दिसत नाही.

गाडी कोणी, कशी घासली हे कळले. पण त्या माणसाचे काय झाले, ते कळले नाही.

"ये झगड़ा मेरे को याद है," शेखचाचा मागून म्हणाले. "दोनों बहुत गरम थे. फिर दोनों ऊपर गए. बाद में नीचे आए तो साथ में आए. हाथ में गठ्ठे, हंस रहे. इनके पीछे पूरी बरात. मैं बोल्या, ये क्या तमाशा है."

मी वही बंद केली. जागेसाठी भांडलेली अनोळखी माणसे तासाभराने हसत एकत्र खाली येत नाहीत. आमच्या धंद्यात याला कोल्यूजन म्हणतात. म्हणजे संगनमत. दोघे ठरवून अपघात घडवतात, एक तक्रार करतो, दुसरा गप्प राहतो.

कंपनीच्या क्लेम मॅनेजरना फोन करून हा संशय सांगितला.

"इन्व्हेस्टिगेटर लावू का?" त्यांनी विचारले.

इन्व्हेस्टिगेटर हा सर्व्हेअरच्या पुढचा माणूस. तो घरोघर जाऊन जबाब घेतो. शेजाऱ्यांनाही विचारतो.

"आधी मी एकदा विचारतो," मी म्हणालो.

काळे शेंद्र्याचे. थोडी शेती, आणि दोन पिकअप एमआयडीसीतल्या कंपनीला लावलेल्या. अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ओट्यावर बायका लग्नपत्रिकांना हळदीकुंकू लावत होत्या. मला पाहताच काळे उठले आणि दंडाला धरून मला घरामागे, पिकअपच्या आडोशाला घेऊन गेले.

"मोठ्यानं बोलू नका, साहेब."

"टोपीवाले कोण?"

त्यांनी पिकअपच्या टायरला पायाने ठोकून पाहिले.

"तुम्ही कॅमेरा बघितला."

"हो."

"मग बघितलं की. अजून काय सांगू?"

"तुमची त्यांची आधीची ओळख होती. अपघात ठरवून केलात."

"ओळख?" काळे एकदम माझ्याकडे वळले. "ओळख असती तर ही पाळी आली असती का?"

मग त्यांनी सांगितले. मुलीचे लग्न ठरले होते. त्या दिवशी बस्ता होता. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी. दोन्हीकडची मंडळी दुकानात समोरासमोर गादीवर बसतात. कोणाला कसला आहेर, कोणाचा मान केवढा, ते तिथे ठरते. बिघडायचे असेल तेही तिथेच बिघडते. काळे यांनी घरच्यांना दारात उतरवले आणि एकटे गाडी लावायला खाली गेले.

"मी त्यांना म्हणलं, बाजूला व्हा, माझा इंडिकेटर चालू हाये. ते म्हणाले, माझी गाडी यायलीय मागून. मी म्हणलं, जागा काय सासऱ्यानं आंदण दिली का तुम्हाला?"

"मग?"

"मग ते बी बोलले. मी बी बोललो. आईबापापर्यंत गेलं. मग मी गाडी घातली. त्यांनी बॉनेटवर हात मारला, माझं स्टिअरिंग वळलं, खांब लागला. वर गेलो. गादीवर नवरदेवाच्या शेजारी तेच. व्याही म्हणाले, हे आमचे सिल्लोडचे मामा. सुपारीच्या कार्यक्रमाला मक्याच्या सीझनमुळं आले नव्हते."

"तुम्ही काय केलंत?"

"वाकून नमस्कार केला. उठताना तोंडाकडं बघितलंच नाय."

"त्यांनी ओळखलं?"

"काय माहीत. हसत होते. ते हसणं लई वाईट, साहेब. शिवी दिली असती तर कळलं तरी असतं."

नवरदेवाचा मामा लग्नात मंगलाष्टकांना नवरदेवाच्या पाठीशी उभा राहतो. तो रुसला तर मांडवात अक्षता पडत नाहीत, अशी आमच्याकडची समजूत आहे. काळे यांना वाटत होते, मामांनी ओळखले नसावे. आणि ओळखले असेल, तर ते मांडवात बोलायचे थांबलेत. अपघात खरा लिहिला असता तर मामांचे नाव आले असते. म्हणून त्यांनी रिक्षा आणली.

"मी क्लेमच मागं घेतो," ते म्हणाले. "आरसा बसवून घेतो. विषय बंद."

"आता बंद होत नाही. खोटी हकीकत देऊन क्लेम मागे घेतलात, तर कंपनी इन्व्हेस्टिगेटर लावील. तो सिल्लोडलाच जाईल. चार लोकांत विचारील."

"मग?"

"खरं लिहून द्या. खांबाचं कोणी विचारत नाही. पण गाडी त्यांना लागली का, हे मला त्यांच्याकडून पाहिजे. कॅमेऱ्यात ते खांबाआड गेले."

"लागली असती तर गादीवर मांडी घालून बसले असते का?"

"ते त्यांनी सांगायला पाहिजे."

ओट्यावरून बायकांचे हसणे ऐकू येत होते. काळे यांनी तिकडे पाहिले.

"साहेब, पत्रिका छापल्यात. तुमच्या एका प्रश्नानं माझी पोरगी घरी बसंल."

मी त्यांना सांगितले, की त्यांचे नाव मी घेणार नाही. घटना विचारीन, इजा विचारीन. काळे यांचा विश्वास बसला नाही. पण त्यांनी दुरुस्त हकीकत लिहून दिली आणि मामांच्या आडतीचा पत्ता सांगितला. सही करताना पेन दोनदा थांबले.

सिल्लोडला मामांची मक्याची आडत आहे. आवारात पिवळ्या मक्याचे ढीग होते. धिप्पाड गृहस्थ गादीवर बसले होते. टोपी तीच.

"कोणती पार्किंग?" ते म्हणाले. "मी एसटीनं जातो."

मी कॅमेऱ्याच्या चित्रणातले एक चित्र पुढे केले. त्यांनी चष्मा लावला, पाहिले, चष्मा काढला. हमालांना चहाला पाठवले.

"तुम्हाला पोरीकडच्यांनी धाडलं ना?"

"विमा कंपनीनं."

"लग्नाआधी अशीच चौकशी करतेत. मी बी केलीय लोकांची. कधी बियाण्याचा एजंट व्हायचो, कधी विम्याचा." त्यांनी माझे ओळखपत्र उलटसुलट करून पाहिले. मग हळूच विचारले, "ह्या कॅमेऱ्यात आवाज येतो का?"

"नाही."

मामांनी मोठा श्वास सोडला आणि तक्क्याला टेकले.

"मी त्यांच्या सात पिढ्या काढल्या हो. वर गेल्यावर कळलं, त्यातली एक आपल्या घरात यायलीय."

"तुम्ही ओळखलंत त्यांना?"

"खांबाला गाडी घासून मला 'आंदण' म्हणणारा माणूस मी विसरन का? पण बोलू काय? चूक माझीच. भाच्याची गाडी अजून रॅम्पवर बी नव्हती, अन् मी जागा अडवून उभा. ते वाकले तर मी नुसता हसलो. दुसरं काय करायचं? त्यांनी ओळखलं का मला?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे ओळखलं."

"गाडी तुम्हाला लागली का?"

"नाय. मी आपसूक सरकलो. जीव प्यारा हाये." त्यांनी तेवढेच लिहून दिले. जागा धरून उभा होतो, गाडीचा धक्का लागला नाही, कसलीही इजा नाही. मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले.

"एक विनंती. हे शेंद्र्याला कळू नये. पोरीचा बाप म्हणायचा, मुलाकडचे मामा रस्त्यावरचे दिसतेत."

शेंद्र्याचीही हीच विनंती होती. मी दोघांनाही हो म्हणालो.

क्लेम मॅनेजरनी फाईल वाचली. काळे यांना समज देणारे पत्र काढून क्लेम मंजूर केला.

"आणि ते कोल्यूजन?"

"आहे," मी म्हणालो. "पण विम्यासाठी नाही."

काही दिवसांनी मला एकाच लग्नाच्या दोन पत्रिका आल्या. एक मुलीकडून, एक मुलाकडून. अशा ठिकाणी जाऊ नये, हे मला कळत होते. न गेलो तर मी दुसऱ्याला सगळे सांगून टाकले असा दोघांनाही संशय येणार, हेही कळत होते. मी गेलो.

मंगल कार्यालयाच्या मैदानात गाड्यांना जागा नव्हती. रांगेत एकच चौकोन मोकळा होता आणि त्यात फेटा बांधलेले मामा हात पसरून उभे होते. एक गाडी त्यांच्यापुढे इंडिकेटर लावून हॉर्न देत होती. मामा ढिम्म होते.

"या साहेब, या! तुमच्यासाठी धरून ठेवलीय!"

मी स्कूटरवर गेलो होतो. नाइलाजाने ती त्या चौकोनाच्या मधोमध लावली. तेवढ्यात मांडवातून काळे लगबगीने आले. "साहेब आले का! या, या." आणि मामांना पाहून थबकले.

"मामा, तुम्ही साहेबांना कसं काय ओळखता?"

"तुम्ही कसं ओळखता?"

मी स्कूटरचा स्टँड पुन्हा पुन्हा लावत होतो. दोघेही माझ्याकडे पाहत होते. मग एकमेकांकडे. मागच्या गाडीचा हॉर्न चालूच होता.

"खांबाचे साहेब का?" शेवटी मामांनी विचारले.

काळे यांनी कपाळ पुसले. "व्हय," ते म्हणाले. "खांबाचे."

मामा हसले. यावेळी काळे यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. मग तेही हसले, आणि अक्षतांची वेळ झाली म्हणून दोघे एकमेकांना पुढे करत आत गेले. हॉर्न देणाऱ्या गाडीत नवरीची आत्या होती, हे मला जेवताना कळले.

सर्व्हेअरचा सल्ला कोणी विचारत नाही. तरी सांगतो. पार्किंगमध्ये काच खाली करून तोंड उघडण्याआधी एवढे लक्षात ठेवावे, की समोरच्या माणसालाही त्याच दुकानात जायचे असते.