मोल घेऊन या

बीदर जिल्ह्यात, हुलसूरच्या बसस्टँडमागं मल्लेश्वरी टेलर अशी पाटी आहे. तिच्यावर शिलाई मशीनचं चित्र आहे, आणि त्या चित्राशेजारी कुणीतरी खडूनं ससा काढून ठेवलाय. पुसला तरी चार दिवसांत परत काढतातच. मल्लेश्वरीअक्कानं आता पुसणं सोडून दिलंय. तिला चिडवायला गेलेला माणूस तिच्याबरोबरच हसत चहा पिऊन परत येतो, अशी ही बाई. पन्नाशी आली, पण स्वस्थ बसणं तिला ठाऊक नाही. एखादी गोष्ट डोक्यात आली की आधी ती बोलते, मग करते, आणि विचार करायचा राहिलाच तर रात्री जेवताना करते.

ससे मात्र तिनं आणले नव्हते. ते आणले तिच्या नवऱ्यानं. अरुणकुमार बसवकल्याण गाडीवर कंडक्टर आहे. एकदा बसवकल्याणच्या बाजारात त्यानं दोन पांढरी पिल्लं पाहिली आणि त्याचा जीव अडकला. विकणारा म्हणाला, दोघी बहिणी हायत, बिनघोर न्या. जन्मभर प्रवाशांच्या तिकिटांवर संशय घेतलेल्या या माणसानं नेमका तिथं विश्वास ठेवला. मल्लेश्वरीनं बहिणींची नावं ठेवली गंगा आणि गौरी. पुढं गौरीला सहा पिल्लं झाली, आणि गंगा ही बाई नसून बुवा आहे हे सगळ्या गल्लीला कळलं.

पहिल्या खेपेला मल्लेश्वरीनं पेढे वाटले. दुसऱ्या खेपेला साखर वाटली. तिसऱ्या खेपेपासून ती गप्प बसली, कारण तोवर पिल्लांनाही पिल्लं व्हायला लागली होती. एका नवरीच्या ब्लाउजची जरीची बाही सशांनी कुरतडली, तेव्हा तिनं सगळं खटलं दुकानामागच्या गोदामात हलवलं. कोबीचा पाला, मुळ्याचा पाला, शेतकऱ्यांच्या हातापाया पडून आणलेला लसूणघास, सगळं त्या गोदामात जायचं आणि सकाळपर्यंत गायब व्हायचं. ससे चाळिसाच्या पुढं गेले तेव्हा गोदामाचा मालक जागा झाला.

मालक म्हणजे तिचा धाकटा दीर, भीमण्णा. तुरीचा व्यापारी. माणूस वाईट नाही, पण तुरीच्या दिवसांत त्याला तुरीपलीकडं काही दिसत नाही.

"वैनी, माझी तूर कुठं ठिवू? उघड्यावर?" तो दारात उभा राहून म्हणाला. "ह्या रविवारी सांच्यापर्यंत गोदाम रिकामं पायजे. हायवेवरच्या धाब्याला माल घालणारा एक माणूस हाय. त्येनं येऊन बघितलंय बी. उरलेले सगळे एका फेरीत उचलतो म्हणालाय."

'उचलतो' म्हणजे काय, हे मल्लेश्वरीला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या घरात अंड्याचं टरफलही कधी आलेलं नाही. तिनं प्रत्येक सशाला स्वतःच्या हातानं पाला घातला होता. त्यातला एक जरी पातेल्यात गेला तर आपल्या घशाखाली घास उतरणार नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. ती भीमण्णाला म्हणाली, "रविवारी सांच्याला तुमच्या माणसाला बोलवा. त्येला एक केस बी मिळणार न्हाई."

बोलून तर गेली. पण या वेळी निदान अर्धं काम आधीच झालेलं होतं. जनावरांच्या डॉक्टर संध्या बीदरहून दर पंधरवड्याला हुलसूरला यायच्या. त्यांनी महिन्याभरापूर्वीच गोदामाला मधोमध प्लायवूडची भिंत घालायला लावली होती. अलीकडं नर, पलीकडं माद्या. "आधी हे वाढणं थांबवा. एकही मादी गाभण नसली पाहिजे. मग मी येऊन नरांची ऑपरेशनं करते, माद्यांची पुढं बीदरला टप्प्याटप्प्यानं करू," असं त्यांनी सांगितलं होतं. रविवार त्यांनीही कबूल केला. राहता राहिला प्रश्न ससे नेणाऱ्या माणसांचा.

मल्लेश्वरीला पैसे नको होते. पण फुकट म्हटलं की कुणीही येतं आणि काहीही उचलतं, हेही तिला कळत होतं. म्हणून तिनं मोल ठरवलं. ज्याला ससा हवा त्यानं येताना एक पिंजरा आणि पेंढीभर लसूणघास आणायचा. तिचा हिशोब साधा होता. जो आधी पिंजरा करतो तो मागाहून चूल पेटवत नाही.

दवंडीचं काम तिनं महांतेशला दिलं. महांतेशची रिक्षा आणि रिक्षावरचा भोंगा, दोन्ही गावाला पाठ आहेत. तिनं त्याला सगळं नीट सांगितलं होतं: मल्लेश्वरी टेलरच्या गोदामात रविवारी बीदरचे डॉक्टर येणार, ऑपरेशन करून चांगल्या घरी ससे देणार, न्यायला येणाऱ्यानं मोल घेऊन यावं, मोल म्हणजे पिंजरा आणि चारा. पण ट्रॅफिकमधून एवढं बोलणं त्याला जमेना. दोन गल्ल्यांतच त्यानं दवंडी छाटून सुटसुटीत केली. "रविवारी मल्लेश्वरीअक्काच्या गोदामात बीदरचे डॉक्टर यायलेत, मोल घेऊन या." दिवसभर तो हेच ओरडत फिरला, आणि संध्याकाळी लई जोरात प्रचार झाला म्हणून तिच्याकडं चहाही पिऊन गेला.

आता, मराठीत मोल म्हणजे किंमत. पण हुलसुरात घरटी दोन भाषा आहेत, आणि कन्नडमध्ये मोल म्हणजे ससा.

रविवारी सकाळी डॉक्टर दोन मदतनीस घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "खायला घातलंय ना यांना? ऑपरेशन म्हणून उपाशी ठेवलं नाही ना? सशाचं पोट रिकामं राहिलं की घात होतो." घातलं होतं. मल्लेश्वरीनं टेबलं धुतली होती, चादरी उकळल्या होत्या, दारात रांगोळीसुद्धा काढली होती. तिला नुसतं उधाण आलं होतं. तेवढ्यात पहिला माणूस आला. पिंजरा घेऊनच आला, म्हणून ती धावत पुढं झाली. पिंजऱ्यात ससा होता.

"अप्पा, हे काय?"

"मोल," गुंडाप्पा म्हणाला. वडगावकडचा शेतकरी, जुन्या मेंढपाळ घरातला. "घेऊन या म्हणलाव की. ह्येची जोडीदारीण मांजरानं नेली. तवापास्नं कोपऱ्यात बसायलाय, नीट खाईना. डॉक्टर यायलेत म्हणून आणला."

त्याच्यामागं स्टेशनरीवाला पंचाक्षरी होता, बोटाला पट्टी बांधून. त्याचा ससा चावायचा. त्याच्यामागं पिशवीत ससा, टोपलीत ससा, एकीच्या ओढणीत ससा. रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली. आणि रांगेच्या मधोमध रेणुकाबाई. ती चोख मराठी घरातली, तिनं मोल म्हणजे मोलच ऐकलेलं. पदराच्या गाठीत पैसे बांधून ती डॉक्टरांना गुडघा दाखवायला आली होती.

मल्लेश्वरीनं डोक्याला हात लावला. घेऊन जाणारं एकही माणूस नाही, आणि वीस-बावीस ससे वाढले. भीमण्णा ओट्यावरून बघत होता. त्याला हसूही आवरेना आणि तुरीची काळजीही सुटेना. "वैनी, धाब्यावाल्याला मोठा टेम्पो घेऊन यायला सांगू व्हय?"

ती रांगेतले ससे बोटांवर मोजत दारातच अडकली.

डॉक्टर मात्र कामाला लागल्या होत्या. त्यांनी आलेले ससे एकेक करून तपासायला सुरुवात केली. "हा नर. हाही नर. एकटाच आहे ना घरी? म्हणूनच चावतो. ऑपरेशन केलं की शांत होईल, पण एकटं राहणं सशाला मानवत नाही. त्याला सोबत लागते." गुंडाप्पाच्या सशाला त्यांनी जरा जास्त वेळ हातात धरलं. "याला तर औषध नकोच आहे. याला दुसरा ससा पाहिजे."

मल्लेश्वरीनं ते ऐकलं. तिनं रांगेकडं पाहिलं. रेणुकाबाई सोडली तर प्रत्येकाच्या हातात नाहीतर घरी पिंजरा होता. प्रत्येकाच्या घरी चारा होता. सशाला काय लागतं, काय सोसत नाही, हे प्रत्येकाला माहीत होतं. आणि एक आजारी ससा घेऊन रविवारची सकाळ उन्हात घालवणारा माणूस ससा शिजवून खाणारा नव्हता. आपण बोलवायला हवी होती ती सगळी माणसं आपोआप दारात येऊन उभी आहेत, हे तिच्या लक्षात आलं.

ती स्टुलावर चढली.

बसवकल्याणला समाजाचा वधू-वर मेळावा भरतो. मल्लेश्वरी दरवर्षी जाते, लग्न जुळवायला नाही, ब्लाउजच्या ऑर्डरी धरायला. त्यामुळं तिथली सगळी भाषा तिला तोंडपाठ. तिनं महांतेशच्या रिक्षावरचा भोंगा उतरवून घेतला आणि कन्नड-मराठीची मिसळ करत सुरू झाली.

"ऐका. वर पक्षानं डाव्या हाताला बसायचं. गुंडाप्पांचे चिरंजीव, रंग करडा, स्वभाव शांत, बायको वारलेली. त्यांच्यासाठी आमच्याकडची ही पांढरी, डाव्या कानावर ठिपका, खायला मजबूत. पसंत हाय का बघा."

रांगेत हशा पिकला. गुंडाप्पानं ठिपकेवालीला उचलून घेतलं, तिचं पोट चाचपलं, आणि लाजत मान हलवली. मग मात्र कुणाला थांबवणं अवघड झालं. ज्याला त्याला आपल्या सशाचं स्थळ पुढं करायचं होतं. पंचाक्षरी पट्टीचं बोट वर करून म्हणाला, "आमच्यासाठी जरा सोसणारी बघा."

"आधी ऑपरेशन," डॉक्टरांनी आतून बजावलं. "आणि ऑपरेशन झाल्यावरही दीड महिना पिंजरे शेजारी शेजारी, पण वेगळे. तोवर नराचा भरवसा नाही. आणि माद्यांना मी सांगेन तेव्हा बीदरला आणायचं."

"ऐकलं का?" मल्लेश्वरी भोंग्यात म्हणाली. "आज नुसता साखरपुडा. लग्नाला दीड महिना अवकाश हाय. आणि ह्या लग्नात पाळणा हलणार न्हाई, आधीच सांगून ठिवते."

दुपारपर्यंत भुलीचं औषध संपत आलं. डॉक्टरांनी आणलं होतं ते गोदामातल्या नरांपुरतं. मल्लेश्वरीनं नवऱ्याला फोन लावला. अरुणकुमारची गाडी बसवकल्याणला उभी होती. पुढच्या फेरीत तो औषधाचा खोका मांडीवर घेऊन आला, आणि स्टँडवर उतरल्यावर पळत गोदामात आला. त्या माणसाला पळताना हुलसूरनं तोवर कधी पाहिलं नव्हतं. खोका देऊन तो परत निघाला, तेव्हा एक बाई पिंजरा उचलून चालली होती. पिंजऱ्यात गंगा. त्यानं जाळीतून एक बोट आत घातलं, गंगाच्या कपाळावर टेकवलं, आणि घंटी वाजवायला गेला.

शुद्धीवर आलेला ससा खायला लागला की डॉक्टर मान हलवायच्या, की निघाला तो आपल्या नव्या घरी. ज्यांच्याकडं दोन पिंजऱ्यांना जागा होती त्यांनी दोन-दोन नेले. नुसत्या बघायला आलेल्यांनाही उत्साह चढला. ते पळत घरी जाऊन खोकी आणि जाळ्या घेऊन आले, पण मल्लेश्वरी प्रत्येकाला तिथंच उभं करून विचारायची, मांजर हाय का, कुत्रं हाय का, उन्हाळ्यात कुठं ठिवणार. एकाला तिनं सरळ परत पाठवलं, कारण तो सशांचं वजन विचारत होता. रेणुकाबाईनं मात्र गुडघ्याचं नाव सोडलं होतं. ती माद्यांच्या बाजूला जमिनीवर बसून राहिली होती, आणि दोन तपकिरी माद्या तिच्या पदरात शिरून बसल्या होत्या.

"ह्या दोघी कोण म्हणायच्या?"

"बहिणी," मल्लेश्वरी म्हणाली. "ह्या खेपेला डॉक्टरांनी बघून सांगितलेल्या."

उन्हं उतरली तेव्हा धाब्याचा टेम्पो आला. माणूस उतरला, गोदामाच्या दारात गेला, आणि तिथंच थांबला. आत झाडून पुसून स्वच्छ फरशी होती. डॉक्टर हात धूत होत्या. भिंतीला प्लायवूड टेकवून ठेवलेलं होतं.

"माल कुठाय?" त्यानं विचारलं.

भीमण्णा पुढं झाला. सकाळपासून ओट्यावर बसून त्यानं सगळं पाहिलं होतं. "न्हाई राहिला," तो म्हणाला. "तुमचा डिझेलचा खर्च मी देतो. जावा."

टेम्पो गेला आणि तुरीचा ट्रॅक्टर आला. हमालांनी पहिलं पोतं आत टाकलं. मल्लेश्वरी सवयीनं पाल्याची टोपली उचलून दाराशी आली, आणि टोपली कुणापुढं ठेवायची ते तिला कळेना. ती त्या पोत्यावर बसली आणि भर गोदामात हमसून हमसून रडायला लागली. दिवसभर भोंग्यातून गावाला हसवणारी बाई अशी रडताना पाहून हमाल जागच्या जागी थांबले.

भीमण्णा घाबरला. "वैनी, आता कामून रडायलाव? तुमच्या मनासारखं झालं की. एक बी न्हाई राहिला."

"व्हय भाऊजी," ती म्हणाली. तिला हसूही येत होतं. "एक बी न्हाई राहिला."